तिसऱ्या दरवाज्यावरची स्टिकरं

मनोज तरे हा अंजूरमधला सगळ्यात भित्रा माणूस होता, आणि ही माहिती तो स्वतःच कुणालाही देत असे. लहानपणी तो पोस्टमनला भ्यायचा. मोठेपणी स्वतःच्या वरातीतल्या घोडीला भ्याला आणि मांडवापर्यंत चालत गेला. सत्ताविसाव्या वर्षीही गॅस बंद केलाय का हे बघायला फाट्यावरून रिक्षा सोडून परत घरी यायचा. त्याची आई हौसा म्हणायची, "ह्यो पोटात व्हता तवा खाडीचा बांध फुटला. तवापास्नं ह्यो दचकतंच हाय."

बांधाशी त्या घराचं नातं जुनं होतं. मनोजचे वडील रामनाथ खारजमिनीच्या बांधावरची उघाडी सांभाळायचे. भरती आली की दार लावायचं, ओहोटी लागली की उघडून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं. पुढे शेतं गेली, त्यांच्यावर पत्र्याची गोदामं उभी राहिली, आणि जमीन देणाऱ्या घरातला म्हणून मनोजला एका औषध कंपनीच्या गोदामात चिकटवून घेतलं. आधी तो गेटवर गाड्यांचे नंबर लिहायचा. अक्षर चांगलं म्हणून कॉम्प्युटरवर बसवला. मग डेटाबेस सांभाळणारा पुण्याचा साहेब नोकरी सोडून गेला, आणि जाताना एक जाडजूड झेरॉक्स पुस्तक आणि पासवर्डची चिठ्ठी मनोजच्या हातात देऊन गेला. अशा रीतीने दोन हजार चार साली तो कारभार मनोजच्या गळ्यात पडला. कंपनी त्याला डीबीए, म्हणजे डेटाबेसचा कारभारी, म्हणू लागली. पगारात मात्र तो ऑपरेटरच राहिला.

भित्र्या माणसाच्या हाती डेटाबेस देणं ही तशी वाईट गोष्ट नाही. मनोज दर रविवारी मशीन बंद करून बॅकअप घ्यायचा, तो दोनदा तपासायचा आणि टेप घरी आईच्या तांदळाच्या डब्यात ठेवायचा. भिवंडीत तेव्हा लोडशेडिंगचा कहर होता. लाइट वेळापत्रकाप्रमाणे तर जायचीच, वेळापत्रकाबाहेरही जायची. म्हणून मनोजने गोदामाच्या तिन्ही दरवाज्यांवरच्या ऑपरेटर मुलींना एक धडा घोटून घोटून शिकवला होता. खोका स्कॅन केला की लगेच एफटेन दाबायचं, म्हणजे तो सेव होतो. "पूर्ण गाडी भरेपर्यंत थांबू नका. एक खोका, एक एफटेन. एकदा दाबलं की काळ्या दगडावरची रेघ. मग लाइट जाऊ दे, छप्पर जाऊ दे." मुली खुदकन हसायच्या, पण तसंच करायच्या.

दोन हजार सहाच्या मेमध्ये माल दुप्पट झाला आणि मशीन रुसलं. एफटेन दाबल्यावर पडदा गोठायचा, आठ-आठ, दहा-दहा सेकंद. गाड्यांची रांग फाट्यापर्यंत गेली. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे, हिंदीत शिव्या द्यायचे. मॅनेजर चांगदेव सर जळगावकडचे, अंगाने दांडगे आणि आवाजाने त्याहून दांडगे. ते काचेच्या केबिनमधून बाहेर आले की मनोज मॉनिटरमागे मान घालायचा.

"तरे, हे मशीन कशाची वाट बघतंय?" ते विचारायचे.

कशाची, ते मनोजने पुस्तकातून शोधलं. डेटाबेस एखादा बदल मूळ जागी नेऊन ठेवतो तो आपल्या सवडीने. पण त्याआधी तो काय बदललं याची धावती नोंद करून ठेवतो. तिला रीडू लॉग म्हणतात. मध्येच लाइट गेली तर उठल्यावर ती नोंद वाचून मशीन सगळं पुन्हा जसंच्या तसं करतं. ही नोंद आधी मेमरीतल्या एका छोट्या जागेत जमते, तो लॉग बफर. तिथून ती डिस्कवर उतरते. आणि सेव दाबलं की नोंद डिस्कवर उतरल्याशिवाय मशीन ‘झालं’ म्हणत नाही. ते आठ सेकंद थांबतं ते यासाठी.

मनोजने बफर वाढवला. अर्ध्या एमबीचा पाच एमबी केला. काही फरक नाही. सगळा वैताग त्याने घरी रामनाथांसमोर काढला, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार?

रामनाथ सुपारी कातरत ऐकत होते. त्यांना त्यातलं इतकंच कळलं की पाणी साठतंय आणि बाहेर पडत नाहीये. "अरं, तळी मोठी करून काय व्हनार?" ते म्हणाले. "उघाडी तवढीच हाय ना? आन तुमी दर घागरीला दार उघडता नि लावता. पाणी जाईल कवा?"

म्हाताऱ्याने नेमकं दुखणं धरलं होतं. दर खोक्याला एफटेन म्हणजे दर घागरीला दार. आणि लॉगची डिस्क तीच, जिच्यावर बाकीचा सगळा डेटाही होता. सगळे एकाच दारात चेंगरत होते. उपाय दोन. लॉगला वेगळी, वेगवान डिस्क द्यायची, आणि दहा-वीस खोक्यांना मिळून एकदा सेव करायचं. डिस्कसाठी मनोजने हेडऑफिसला अर्ज केला. तिथून उत्तर आलं की पुढच्या तिमाहीत बघू. आणि एफटेन कमी करा म्हणून मुलींना सांगायची वेळ आली तेव्हा तो तिन्ही दरवाज्यांवरून नुसताच फिरून आला. मध्ये लाइट गेली तर वीस खोके हवेत! नको रे बाबा.

एका मंगळवारी चांगदेव सरांनी त्याला केबिनमध्ये घेतलं. "शनिवारपर्यंत रांग गेली नाही तर मी पुण्याहून माणूस मागवतो. मग तू परत गेटवर, गाड्यांचे नंबर लिहायला."

मनोज बाहेर येऊन मशीनसमोर बसला. इंटरनेटवरच्या एका चर्चेत त्याने एक सेटिंग वाचली होती, पुस्तकात नसलेली, आतली. लॉग लिहिणंच बंद करणारी. खाली कुणीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की चालू कामाच्या मशीनवर हे कधीही करू नका. जेवणाच्या सुट्टीत मनोजने मशीन बंद केलं, एक ओळ टाकली आणि पुन्हा सुरू केलं.

मशीन उडायला लागलं. एफटेनवर बोट टेकायचा अवकाश, पुढचा खोका! चार वाजेपर्यंत रांग गेली. चांगदेव सरांनी सगळ्यांदेखत त्याच्या पाठीवर थाप मारली. मुलींनी वडापाव मागवले. मनोजने एक हातात घेतला आणि तसाच धरून बसला. त्या घोळक्यात त्याला एकट्यालाच माहीत होतं की आता ‘झालं’ म्हणणारं मशीन साफ खोटं बोलतंय.

पुढचे नऊ दिवस तो माणसात नव्हता. पंखा हळू झाला की तो मान वर करून बघत राहायचा. ट्यूब लुकलुकली की तो खुर्चीवरून उठायचा. यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या होत्या, जनरेटर चालवणारा महादू चहाला गेला की तासभर येत नसे. मनोज त्याच्या मागे टपरीपर्यंत जायचा आणि काहीतरी निमित्त काढून त्याला परत आणायचा. ती ओळ काढून टाकावी असं त्याला रोज वाटे. पण काढली की रांग, आणि रांग म्हणजे केबिन. एक भीती दुसरीला हलू देत नव्हती.

दहाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी दोन पन्नासला, लाइट गेली. यूपीएस एकदा कण्हलं आणि मेलं. महादू टपरीवर होता.

लाइट परत आल्यावर मशीन उठलं ते अर्धवट. लॉग मागू लागलं. लॉगमध्ये काही नव्हतं. मनोजने आणखी एक आतली सेटिंग टाकून ते बळजबरीने उघडलं. उघडलं! सगळं जागच्या जागी दिसत होतं. बाहेर मुलींनी टाळ्या वाजवल्या. मनोजने शेवटचा स्कॅन कितीचा आहे ते पाहिलं. दोन चोवीस. म्हणजे सव्वीस मिनिटं गेली होती, आणि ती गेल्याचा कुठे डागही राहिला नव्हता. त्या सव्वीस मिनिटांत कुठल्या दरवाज्यावर काय चढलं, हे त्याने कुणाला विचारलं नाही. विचारलं तर का विचारतोस, हे सांगावं लागलं असतं.

शनिवारी मोजणी झाली आणि बासष्ट खोके कमी निघाले. एका महागड्या इंजेक्शनचे.

चांगदेव सरांनी सकाळी अकरा वाजता तिसऱ्या दरवाज्यावरच्या बायकांना रांगेत उभं केलं. गाड्या भरणाऱ्या या बायका अंबाडीकडच्या पाड्यांवरून रोज टेम्पोने यायच्या. चौघी होत्या. त्यांची म्होरकी तानी, चाळिशीची, काटक, कमी बोलणारी. इंजेक्शनचा माल तिसऱ्या दरवाज्याजवळच्याच रॅकवर असायचा.

"बासष्ट खोके पाय फुटून जात नाहीत," चांगदेव सर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत सांगा. नाही तर चौकीवर फोन करतो. तिथे विचारतील, ते त्यांच्या पद्धतीने."

एक बाई रडायला लागली. तानी रडली नाही. ती म्हणाली, "सायेब, त्ये खोके गुवाहाटीच्या गाडीत गेलं. बिस्तरवारी. लाइट जायच्या आधी."

चांगदेव सरांनी चलान दाखवलं. गुवाहाटीची गाडी, एकशे अडतीस खोके, ड्रायव्हरची सही. त्यात इंजेक्शन नव्हतं. दरवाज्यावरची ऑपरेटर पूर्वी हिला बोलावलं. ती म्हणाली, "सर, त्या वेळी आमच्याच दरवाज्यावर गाडी लागली होती. इंजेक्शन मी स्कॅन केलं होतं. दुसरं पान प्रिंटला जाणार तोच लाइट गेली. मोठ्या गाड्यांना रस्ता बंद व्हायची वेळ होत होती म्हणून ड्रायव्हर पहिलंच पान घेऊन निघाला. असं मला वाटतंय."

"वाटतंय? एफटेन दाबलं होतंस?"

"दाबलं होतं, सर."

"मग सिस्टीममध्ये का नाही? दाबलेलं जात नाही ना?"

पूर्वीने मशीनकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे. "दाबलं असेल, सर... शपथ घ्यायला सांगाल तर..." मशीन खोटं बोलतं यापेक्षा आपलं बोट खोटं बोललं असेल, हे तिला सोपं वाटलं.

आणि गाडी? ती कुठेतरी मध्य प्रदेशात होती, ड्रायव्हरचा मोबाइल दोन दिवस लागत नव्हता, आणि गुवाहाटीला पोचायला अजून पाच दिवस होते. पाच दिवस चौघींना कोण सोडणार होतं?

मनोज सर्व्हरच्या खोलीच्या दारात उभा राहून हे ऐकत होता.

तेव्हा तानी वळली, दरवाज्यामागे गेली आणि खोक्यांच्या पुठ्ठ्यांची चळत छातीशी धरून घेऊन आली. प्रत्येक खोक्याच्या लेबलाला खाली एक छोटं, सुटं होणारं स्टिकर असतं. स्कॅन झालं की ते फेकूनच द्यायचं. तानीने ती फेकली नव्हती. एका गाडीला एक पुठ्ठा, त्यावर वर काळ्या पेनाने गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे, आणि खाली ओळीने स्टिकरं, खोके ज्या क्रमाने चढले त्या क्रमाने. आकडे सोडून तिला काही लिहिता येत नसे.

हे पुठ्ठे मनोजला ठाऊक होते. कचरा जमवते म्हणून सगळे तिला हसत, तोही हसला होता. का जमवते ते मात्र आज ती पहिल्यांदाच बोलली. "दोन वर्सामागं पाच खोके कमी आलते. आमाला गेटवर उभं केलं. पिशव्या झाडल्या, लुगडी झाडली. तान्ह्या पोराचं दुपटं झाडलं. मंग खोके दुसऱ्या रॅकवर गावले. कोन काय बोललं न्हाय." तिने वरचा पुठ्ठा पुढे केला. "तवापास्नं मी गाडीत चढवायच्या आधी चिकटवते. आधी हितं, मंग गाडीत."

आधी इथं, मग गाडीत. जाडजूड पुस्तकातली लॉगची चाळीस पानं या बाईने दारामागे पुठ्ठ्यावर करून ठेवली होती, आणि मनोजने तीच चाळीस पानं एका ओळीने पुसली होती.

चांगदेव सरांनी गुवाहाटीचा पुठ्ठा उलटसुलट केला. दोनशे स्टिकरं. शेवटची बासष्ट इंजेक्शनची. "यात काय आहे? माल पळवायचा आणि स्टिकर चिकटवायचे. कुणीही करेल." त्यांनी पुठ्ठा टेबलावर टाकला आणि मनोजकडे वळले. "तरे, तू सांग. सिस्टीम बरोबर की हा पुठ्ठा?"

सगळ्यांनी मनोजकडे पाहिलं. सिस्टीम बरोबर, इतकं म्हणायचं होतं. दोन शब्द. ते म्हटले की त्याची खुर्ची शाबूत आणि चौघी चौकीवर. त्याला पोलीस दिसले, मग गेटवरची वही दिसली, बायकोचं सातव्या महिन्याचं पोट दिसलं.

"एक मिनिट, सर," तो म्हणाला. त्याने मंगळवारच्या नाशिकच्या गाडीचा पुठ्ठा मागून घेतला, मशीनवर तीच गाडी काढली आणि एकेक नंबर मोठ्याने वाचू लागला. पूर्वी पुठ्ठ्यावर बोट ठेवत गेली. एकशे दहा खोके. एकशे दहाच्या एकशे दहा जुळले, त्याच क्रमाने. मग बुधवारची गाडी. तीही जुळली.

"म्हणजे पुठ्ठा खोटं बोलत नाही," चांगदेव सर सावकाश म्हणाले. "मग मशीनमधून बासष्ट गेले कुठे?"

"मशीन खोटं बोलत होतं, सर." मनोजने टेबलाची कड घट्ट धरली. "मी बोलायला लावलं होतं. मी लॉग बंद केला होता. दहा दिवस. म्हणून वेग आला. एफटेन दाबलेलं लगेच कुठेही लिहिलं जात नव्हतं. लाइट गेली आणि सव्वीस मिनिटं गेली. पूर्वीने दाबलं होतं. तानीबाई खरं सांगतायत. मला परवापासून माहीत आहे."

चांगदेव सर ओरडले नाहीत, आणि मनोजला त्याचीच जास्त भीती वाटली. ते केबिनमध्ये गेले, दार लावलं आणि बराच वेळ फोनवर होते. बाहेर येऊन त्यांनी आधी मनोजला ती ओळ काढायला लावली, मग ड्रॉवरच्या किल्ल्या ठेवून घरी जायला सांगितलं. चौकीवर फोन झाला नाही.

चांगदेव सरांच्या फोनवरून ट्रान्सपोर्टवाल्याच्या माणसाने गाडी दुसऱ्या दिवशी वाटेतल्या एका नाक्यावर गाठली आणि उघडून मोजली. दोनशे खोके निघाले. ही बातमी मनोजला पूर्वीकडून कळली, तेव्हा तो घरी तांदळाच्या डब्याशेजारी बसून होता. रामनाथ म्हणाले, "उघाडी लावायची इसरला तर गाव बुडतं. पन इसरलो म्हनून जो आरडत येतो, त्याला गाव मारीत न्हाय." मनोजला त्याने फारसा धीर आला नाही. तो जेवलाही नाही.

त्याला महिनाभर बिनपगारी घरी बसवायचं ठरलं होतं. पण तिमाही संपायची वाट बघणारी डिस्क सहाव्या दिवशी येऊन हजर झाली, आणि ती बसवायला कुणालाच येईना. पुण्याच्या माणसाने तारीख दिली ती पंधरा दिवसांनंतरची. अठराव्या दिवशी चांगदेव सरांनी गेटवरच्या गड्याला सायकलवरून मनोजकडे पाठवलं. वर लेखी ताकीद मिळाली, ती त्याने मुकाट्याने सही करून घेतली.

त्याने लॉग त्या नव्या डिस्कवर एकटा नेऊन बसवला. बफर बेताचा ठेवला, उगाच मोठा नाही. ती काळी ओळ परत आलेली नाही ना, हे तीनदा तपासलं. यूपीएसला नव्या बॅटऱ्या आल्या. मग त्याने तिन्ही दरवाज्यांवर जाऊन सांगितलं की आता दहा खोक्यांना एक एफटेन. सांगताना त्याने एकदा ट्यूबकडे पाहिलं, पण सांगितलं. दहा सेकंदांचं थांबणं एका सेकंदाच्या आत आलं.

तिसऱ्या दरवाज्यावर तानी नाशिकची गाडी भरत होती. पुठ्ठा खिळ्याला टांगलेला होता. चांगदेव सरांनी तिची माफी मागितली नव्हती, पण पुठ्ठे काढा असंही ते आता म्हणत नव्हते. मनोज तिथे जाऊन उभा राहिला.

"मशीन आता थांबतंय का?" तिनेच विचारलं.

"थोडं थांबतंय अजून."

"थांबू दे की. लिवतंय ना?"

"लिहितंय."

ती खोका उचलता उचलता थांबली. "दादा, तू त्या दिवशी बोलशील असं वाटलं न्हवतं. लय भितोस तू. सगळी सांगतात."

"अजून भितो," मनोज म्हणाला. "तेव्हाही भीत भीतच बोललो. दोन दिवस उशिरा."

तानीने स्टिकर सोलून पुठ्ठ्यावर चिकटवलं, अंगठ्याने दाबलं आणि मग खोका गाडीत चढवला. मनोजने खिशातून आणलेलं नवं काळं पेन पुठ्ठ्याजवळ ठेवलं आणि पंखा नीट फिरतोय ना ते बघायला आत गेला.